तेरा खापऱ्या आणि एक हाड

अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की नांदगाव खंडेश्वर येतं. गावाच्या नावातला खंडेश्वर म्हणजे इथलं काळ्या दगडाचं जुनं शिवमंदिर. ते कुणी बांधलं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "हेमाडपंतानं बांधलं जी. एका रातीत." वऱ्हाडात चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दाखवा, बांधणारा हेमाडपंत आणि मुदत एक रात्र. यात गावकऱ्यांना हसण्यासारखं काही नाही. शाळेच्या पुस्तकांनी आणि सरकारी पाट्यांनीही 'हेमाडपंती' हा शिक्का तितक्याच सढळ हातानं मारलेला आहे.

नांदगावच्या देवळानं मात्र आपली साक्ष आपणच देऊन ठेवली आहे. इथे यादव राजा कृष्ण याच्या काळचा शिलालेख आहे, शके 1177 चा, म्हणजे इसवी सन 1255 च्या आसपासचा. कृष्णाचं राज्य साधारण 1246 ते 1261. हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत कारभारी म्हणून गाजला तो त्याच्यानंतरच्या महादेव आणि रामचंद्र यांच्या राज्यात. म्हणजे नांदगावात छिन्नी चालली तेव्हा हेमाडपंताच्या कारभाराचा दबदबा अजून यायचा होता. एका लेखानं शेकडो वर्षांची दंतकथा बाजूला सारली. पण तोही सावधपणेच वाचायला हवा. लेख ही देवळाची जन्मतारीख नव्हे. त्या साली देऊळ उभं होतं एवढंच त्यातून निघतं. आधी किती वर्षं उभं होतं, ते त्यातून निघत नाही.

दगडावर तारीख असली की वाद इतका सोपा होतो. या प्रकरणात ज्या वस्तूंबद्दल बोलायचं आहे, त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. एखाद्या संताची पादुका, अवतारी पुरुष टेकून बसला तो दगड, बुद्धाचा दात, राणीचं हाड. वस्तू मुकी असते, बोलतो तो भोवतीचा समाज. त्यामुळे 'हे खरं आहे का?' हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. वस्तू सांगतात तितकी जुनी आहे का, हा एक वाद. ती त्याच व्यक्तीची आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा पुष्कळदा देऊ शकते. दुसऱ्यासाठी कागद लागतात, साक्षीदार लागतात आणि बऱ्यापैकी नशीब लागतं. वर्तमानपत्री वादांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. मग एक बाजू 'विज्ञानानं सिद्ध झालं' म्हणते, दुसरी 'श्रद्धेचा प्रश्न आहे' म्हणते, आणि दोघींना वेगवेगळे प्रश्न विचारले होते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रिद्धपूरची पद्धत

खऱ्याखोट्याची शहानिशा ही विलायतेतून आलेली गोष्ट, असा आपला एक समज असतो. तो काढायला वऱ्हाडाबाहेर जायला नको. अमरावतीच्या पलीकडे, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांची ही काशी. श्रीगोविंदप्रभू इथले, चक्रधरस्वामींनी त्यांना गुरू मानलं ते इथेच, आणि म्हाइंभटानं चक्रधरस्वामींचं चरित्र, लीळाचरित्र, रचलं तेही इथेच. आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावात आहे.

महानुभाव मूर्तिपूजा करत नाहीत. त्यांच्या वंदनाचा विषय असतो तो संबंध. स्वामी जिथे बसले, निजले, जेवले, ती जागा चरणांकित. तिथे ओटा बांधलेला असतो आणि माणसं त्या ओट्यावर डोकं ठेवतात. स्वामींचा स्पर्श झालेला पाषाण किंवा वस्त्र असं काही जपलेलं असलं, तर तेही वंदनीय. साहजिकच पंथाच्या सुरुवातीपासून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. नेमकी जागा कोणती? आज एका दगडाला नमस्कार केला आणि उद्या कळलं की स्वामी त्याच्या शेजारच्या दगडावर बसले होते, तर?

यावर त्यांनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. गावोगावची स्थानं तिच्यात नोंदलेली आहेत, तीही एखाद्या भूमापकाच्या शिस्तीनं. देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या अंगाला मठ, मठात आसन कुठे, पहुडण्याची जागा कुठे. परिश्रयाची, म्हणजे स्वामी लघुशंकेला वगैरे गेले त्या जागेचीसुद्धा नोंद आहे. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पण भक्तीनं नुसती सजवलेली पोथी असती तर असल्या जागा गाळून टाकल्या असत्या. त्या ठेवल्या आहेत, त्यावरून लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते कळतं. त्याला शोभा नको होती, ठावठिकाणा हवा होता.

लीळाचरित्राची हकिकत याहून सरस. म्हाइंभटानं गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना विचारून लीळा गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग पाठांतराच्या बळावर ती पुन्हा उभी करावी लागली. हिराइसा नावाच्या बाईंच्या आठवणीचा त्यात मोठा वाटा. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना तेव्हा काय केलं? एक ठेवून बाकीच्या खोडल्या नाहीत. हिराइसेचा शोधु, म्हणजे तपासून सिद्ध केलेला पाठ, वेगळा, परशरामबासांचा वेगळा. एखाद्या प्रसंगाची दुसरी हकिकत आठवत असेल तर ती अमक्याची 'वासना' म्हणून लिहून ठेवायची. ज्या पोथीवर सगळ्या पंथाची श्रद्धा, तिच्यातच 'दुसरे असं म्हणतात' हे शाईनं लिहिलेलं. पवित्र ग्रंथात मतभेदाला इतकी उजळ माथ्यानं जागा दिल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

याचा अर्थ वऱ्हाडात सगळं खेळीमेळीनं चाललं, असा नव्हे. महानुभाव साहित्याचे मोठे अभ्यासक वि. भि. कोलते यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं काढलं, तेव्हा पंथातून कडाडून विरोध झाला. शेकडो वर्षं सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत, आपल्याच माणसांत राहिलेला ग्रंथ छापून चारचौघांसमोर आला की त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या उजेडात वाचला जातो. कोलते बुलडाणा जिल्ह्यातले, हयात महानुभाव पोथ्यांत गेलेली. त्यांच्यावर आस्था नसल्याचा आरोप व्हावा हे अन्यायाचंच होतं. पण विरोध करणाऱ्यांचं दुखणंही समजून घ्यायला हवं. पंथात राहून 'अमक्याची वासना वेगळी' म्हणणं निराळं आणि बाहेरच्या संपादकानं तळटीप देणं निराळं.

बुरूड राजाच्या कोटात

आता वस्तूंकडे. महाराष्ट्रात बौद्ध अवशेषांबद्दलचा सगळ्यात चटका लावणारा प्रश्न सोपाऱ्यात पडून आहे. विरारच्या लोकलनं जाणारे हजारो लोक रोज 'नालासोपारा' ही पाटी पाहतात. हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं भरभराटीचं बंदर. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला आहे. शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण भिक्षू झाला आणि त्याच्यासाठी बुद्ध स्वतः इथे आले, अशी कथा बौद्ध साहित्यात आहे.

गावाजवळ एक टेकाड होतं. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते 1882 च्या एप्रिलात खणलं. भगवानलाल मूळचे जुनागढचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्यांची जडणघडण झाली, आणि भारतभरचे लेख त्यांनी फिरून उतरवले. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यावर विटांची कोठी, कोठीत सुमारे दोन फूट व्यासाची दोन तुकड्यांची गोल दगडी पेटी. झाकण उचललं तर मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसवलेल्या आठ छोट्या काशाच्या मूर्ती. सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय.

तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या पोटात सोन्याचा. बरोबर सोन्याची फुलं, मणी, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. एवढ्या बंदोबस्तात, सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. साध्या खापऱ्या.

भगवानलालांनी अनुमान काढलं की हे तुकडे खुद्द गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे. अनुमान धाडसी होतं, पण त्यामागे विचार होता. हाड असतं, रक्षा असती, तर गोष्ट वेगळी. खापरी कुणी सोन्यात ठेवत नाही. ती ठेवली याचा अर्थ ते भांडं अत्यंत पूज्य व्यक्तीचं असलं पाहिजे, आणि भिक्षूच्या मालकीचं भांडं म्हणजे पात्र. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सगळं आकृत्यांसकट छापलं. वस्तू सोसायटीकडे आल्या, आणि तिथेच आहेत.

आता उलट तपासणी करू. नाण्यापासून सुरुवात. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. नाणं पेटीत आहे म्हणजे पेटी त्याच्या आधी बंद झालेली असू शकत नाही. बुद्धाचं महापरिनिर्वाण रूढ गणनेप्रमाणे इसवी सनपूर्व 483, काही अभ्यासक ते आणखी शंभरेक वर्षं अलीकडे आणतात. म्हणजे बुद्धाचा हात पात्राला शेवटचा लागला तो क्षण आणि पेटीत नाणं पडलं तो क्षण, यांच्यात किमान साडेपाचशे वर्षं गेली. मधल्या काळात तुकडे कुठे होते? एकही नोंद नाही.

मूर्तींनी तर गुंता आणखी वाढवला. नंतरच्या अभ्यासकांनी घडणीवरून त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवल्या. तसं असेल तर दुसऱ्या शतकानंतर केव्हातरी स्तूप उघडला गेला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा मिटवला गेला. उघडणाऱ्यांनी आतलं काही बदललं का? जुने तुकडे तेच राहू दिले, की त्यांनीच ठेवले? भगवानलालांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्या काळी या मूर्तींचा काळ ठरवण्याइतकं तुलनेचं साहित्यच हाती नव्हतं.

पण माझ्या मते सगळ्यात अडचणीचा मुद्दा पेटीच्या बाहेर आहे. खुद्द बौद्ध परंपरा बुद्धाचं पात्र दगडी असल्याचं सांगते. चार दिक्पालांनी चार पाषाणपात्रं आणली आणि बुद्धांनी ती दाबून एक केली, ही कथा गांधारच्या शिल्पांत कोरलेली आहे. चिनी यात्रेकरू फा-हिएन इसवी सन 400 च्या सुमारास पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरात गेला, तेव्हा तिथे एक पात्र पूजेत होतं. रंग मिश्र पण काळ्याकडे झुकणारा, काठावर चार कडा दिसणाऱ्या, असं तो वर्णन करतो. मुख्य म्हणजे ते पात्र अखंड होतं. श्रीलंकेत महिंद स्थविरांच्या काळापासून पात्र आल्याची वेगळीच परंपरा. काबूलच्या संग्रहालयात कंदाहारहून आणलेलं अजस्र दगडी पात्र आहे, त्यावर पुढच्या काळातले इस्लामी लेख आहेत, आणि तेच बुद्धाचं पात्र म्हणणारेही आहेत. सोपाऱ्याच्या मातीच्या तुकड्यांना यांतल्या कुठल्याच कथेत जागा नाही.

तपासणी करायची ठरवली तर करता येईल. भाजलेल्या मातीचं वय काढण्याची एक पद्धत आहे. मातीतल्या खनिजकणांत आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. भट्टीत तापलं की साठा रिकामा होतो आणि पुन्हा शून्यापासून भरायला लागतो. प्रयोगशाळेत कण पुन्हा तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, आणि तिच्यावरून शेवटच्या भाजणीला किती वर्षं झाली ते काढतात. त्यासाठी तुकड्याचा थोडा भाग कुटून पूड करावी लागते. बुद्धाचं असेल-नसेल अशा पात्राची पूड कोण करणार? आणि समजा केली. दुसरं शतक निघालं तर भगवानलालांचं अनुमान तिथेच संपलं. इसवी सनपूर्व पाचवं शतक निघालं तर? मग एवढंच ठरेल की हे त्या काळातलं भांडं आहे. त्या काळात भांडी पुष्कळांकडे होती. वय जुळलं नाही तर दावा पडतो, जुळलं म्हणून दावा सिद्ध होत नाही. अवशेषांच्या वादातला हा एकतर्फी नियम वाचकानं पक्का लक्षात ठेवावा.

तूरीनच्या कफनाचं तेच झालं. येशूच्या देहाभोवती गुंडाळलेलं वस्त्र म्हणून इटलीत जपलेल्या या कापडाचे तुकडे 1988 साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांना दिले गेले. कार्बन-14 पद्धतीनं वय आलं 1260 ते 1390. म्हणजे नांदगावच्या लेखानंतरचं. गंमत अशी की 1389 मध्येच फ्रान्समधल्या एका बिशपनं पोपला कळवलं होतं की हे चित्रकाराचं काम आहे. प्रयोगशाळेनं सहाशे वर्षांनी त्याच्याच म्हणण्याला दुजोरा दिला. तरी वाद मिटलेला नाही. नमुना नेमका डागडुजी केलेल्या कोपऱ्यातून घेतला, असं म्हणणारे अजून आहेत.

बाजार

अवशेष म्हटला की मागणी आली आणि मागणी आली की माल तयार करणारे आले. सोपाऱ्यानंतर सोळा वर्षांनी, 1898 मध्ये, नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथे विल्यम पेपे या जमीनदाराला स्तूपात अस्थिकलश सापडला. कलशावर ब्राह्मी लेख होता आणि शाक्यांनी ठेवलेले बुद्धाचे अवशेष असा त्याचा अर्थ लावला गेला. नेमक्या त्याच दिवसांत, त्याच भागात सरकारी पुरातत्त्व अधिकारी अलोइस फ्यूरर काम करत होता. हा गृहस्थ एका बर्मी भिक्षूला बुद्धाचे म्हणून बनावट अवशेष विकत असल्याचं उघड झालं. त्यातला एक दात घोड्याचा होता. त्याची नोकरी गेली, पण संशयाची सावली शेजारच्या पिप्रहव्यावरही पडली आणि हा लेख खरा की खोटा यावर शंभर वर्षं कागद काळे झाले. फ्यूररचं नाव मधे नसतं तर पिप्रहव्याच्या लेखावर इतका संशय कुणी घेतला असता, असं वाटत नाही. खोटा माल विकणारा खऱ्या मालाचीही किंमत पाडतो, ती अशी.

त्याच पिप्रहव्याची रत्नं पेपे कुटुंबाच्या वारसांकडून 2025 च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात निघाली. भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै अखेर रत्नं भारतात आली. मुंबईच्या गोदरेज समूहानं त्यासाठी पुढाकार घेतला. अस्सलपणावर शंका असती तर लिलावही झाला नसता आणि नोटीसही गेली नसती, हेही खरंच.

जुन्या गोव्यातली खिडकी

2024 च्या ऑक्टोबरात गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी मागणी जाहीरपणे झाली आणि रस्त्यावर आंदोलनं झाली. हे शव झेवियर यांचं नसून श्रीलंकेतल्या एका बौद्ध भिक्षूचं आहे, असा दावा बरीच वर्षं फिरतो आहे. भावना बाजूला ठेवून देह कुठून कुठे गेला याची नुसती साखळी पाहू. झेवियर डिसेंबर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर वारले. पुढच्या वर्षी देह मलाक्काला आणला, 1554 च्या मार्चमध्ये गोव्यात. आल्या आल्या व्हाइसरॉयच्या वैद्यानं तो तपासला. 1614 मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला पाठवला, तो तिथल्या चर्चमध्ये आहे. बाकीचा देह 1554 पासून गोव्यातच आहे. या साखळीत भिक्षूचा देह शिरायला फट कुठे, ते दावा करणाऱ्यांनी दाखवायला हवं. सोपाऱ्याच्या साडेपाचशे वर्षांच्या पोकळीशी तुलना करा, म्हणजे दोन्हींतला फरक कळेल. युरोपातला माणूस की श्रीलंकेतला, एवढं डीएनएवरून सांगणं शक्य आहे. पण ज्याची कागदपत्रं शाबूत आहेत त्याची चाचणी मागायची आणि ज्याची नाहीत त्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, याला शोधक वृत्ती म्हणवत नाही.

ज्या अवशेषाला खरोखर चाचणीची गरज होती, तो त्याच गावात, थोड्याच अंतरावर निघाला.

जॉर्जियाची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये कैदेत ठेवलं आणि धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये हालहाल करून मारलं. तिथे असलेल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप काढले आणि त्यांतले काही 1627 मध्ये गोव्याला आणले. पोर्तुगीज कागदांत जागा नोंदलेली होती. सेंट ऑगस्टिन मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीशी, काळ्या दगडाच्या पेटीत.

स्थानपोथीचीच शैली म्हणायची. फक्त अडचण ही की ती खिडकी उरली नव्हती. 1835 मध्ये मठ रिकामा करावा लागला, 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा बराच भाग पडला. आज उरलेला उंच सुळका आणि वाढलेलं गवत पर्यटक पाहतात. जॉर्जियाची माणसं 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून राणीच्या शोधात इथे येत होती. कागदात लिहिलेलं चॅपेल या ढिगाऱ्यात नेमकं कुठलं, हेच आधी ठरवायचं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं मलबा उपसला, जमिनीतल्या थडग्यांवरच्या कोरीव शिळा कागदांशी ताडून पाहिल्या आणि जागा निश्चित केली. 2004 च्या सुमारास त्या खिडकीच्या परिसरात हाताचं लांब हाड मिळालं. पण त्या मठात इतरही माणसांची हाडं जपलेली होती, आणि छत कोसळताना काय कुठे गेलं ते कोण सांगणार.

हाड हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात गेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यातला मायटोकाँड्रियाचा डीएनए काढला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, पिढ्यानपिढ्या जवळजवळ न बदलता, आणि पेशीत त्याच्या प्रती खूप असल्यामुळे जुन्या हाडात तो टिकण्याची शक्यता जास्त. त्यावरून मातृवंशाचा गट ठरवता येतो. या हाडाचा गट निघाला यू1बी. भारतीय उपखंडातल्या बावीस हजारांहून जास्त माणसांच्या नोंदींत हा गट एकदाही नव्हता. जॉर्जियातल्या तीस जणांचे नमुने तपासले, त्यांत दोघांकडे तो मिळाला.

तीसपैकी दोन. हा आकडा वाचताना थोडं थांबावं. यावरून हाड केतेवानचं आहे हे सिद्ध होत नाही. यू1बी गटाच्या बायका आणि पुरुष जॉर्जियात आणि आसपासच्या प्रदेशात असंख्य झाले असतील. मातृवंशाचा गट हा एका माणसाचा अंगठा नव्हे, तो एका मोठ्या गोतावळ्याचा ठसा आहे. मग पुरावा कशात आहे? तो जुळण्यात आहे. पोर्तुगीज कागद सांगतात ती जागा, उत्खननात निघालेली तीच जागा, आणि त्या जागी, गोव्यात, काकेशसकडच्या मातृवंशाचं हाड. यातलं एकेक सुटं घेतलं तर लंगडं आहे. पण सतराव्या शतकात त्याच खिडकीशी दुसरं कुणी जॉर्जियन माणूस येऊन पडलं असेल, हे मानायला फार ओढाताण करावी लागते.

शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये निबंध छापला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच लिहिलं की पश्चिम भारतात निघालेला हा अवशेष 'बहुधा' राणी केतेवानचा आहे. इतकी वर्षं खपून, इतकं जुळून आल्यावरही 'बहुधा'. सोपाऱ्याच्या खापऱ्यांबद्दल बोलताना आपण हा शब्द किती वेळा वापरतो, ते ज्यानं त्यानं पाहावं.

पुढे 2017 मध्ये अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला नेले गेले. तिथे दर्शनासाठी रांगा लागल्या. ते परत आले, आणि 2021 च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्यांतला एक भाग कायमचा जॉर्जियाच्या स्वाधीन केला. दिला-घेतला तो संत राणी केतेवानचा अवशेष म्हणूनच. तिथल्या धर्मगुरूंना शीर्षकातला शब्द ठाऊक नव्हता असं नाही. तीनशे नव्वद वर्षं ज्या हाडाची वाट पाहिली, त्याच्या स्वागताला त्यांना तेवढं पुरेसं होतं, आणि कागद, खिडकी आणि हाड यांची जुळणी पाहता त्यांना चूक ठरवणं मला तरी जमत नाही.